‘५३ एन’ क्रमांकाची बाटली



मुंबईस परळ येथें हाफकिन इन्स्टिट्यूट या नांवाची जी संस्था आहे, तिचें नांव आपणांपैकीं बहुतेकांच्या कानांवरून गेलेलें असेल. सर्पविष, पिसाळलेल्या जनावराचा दंश, देशांत वारंवार उद्भवणाऱ्या सांथी, यांच्या संबंधांत वर्तमानपत्रांतून हें नांव वेळोवेळीं येतें. परंतु हाफकिन हे गृहस्थ कोण होते, आणि ज्या सरकारनें १९२५ सालीं त्यांचें नांव त्या वास्तूस मोठ्या आदरानें दिलें, त्याच सरकारनें वीस-बावीस वर्षें आधीं ठपका ठेवून त्यांना त्याच वास्तूंतून कां दूर केलें होतें, हें विचारलें तर सांगणारा विरळा. आज मी त्या प्रकरणाची हकीकत आपणांपुढें ठेवणार आहे. तींत एक काचेची बाटली आहे, एक चिमटा आहे, एक चौकशीमंडळ आहे, आणि डोळ्यांना न दिसणारा एक जंतु आहे. या सर्वांत खरी साक्ष त्या जंतूनें दिली. ती ऐकून घ्यावयास मात्र मोठमोठ्या अधिकाऱ्यांना पांच वर्षें लागलीं.

प्रथम थोडें मागें गेलें पाहिजे. सांथीचे रोग दूषित हवेनें होतात, अशी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपांतील थोर वैद्यांचीही समजूत होती. फ्रान्सांत लुई पाश्चर आणि जर्मनींत रॉबर्ट कॉख या दोघांनीं ती मोडून काढली. कॉखनें १८८२ सालीं क्षयाचा जंतु दाखविला आणि १८८४ सालीं कलकत्त्यास येऊन तेथील रोग्यांत व तलावाच्या पाण्यांत पटकीचा स्वल्पविरामासारखा वांकडा जंतु दाखवून दिला. पाश्चरची वाट जराशी निराळी. शत्रु ओळखल्यावर त्याच शत्रूला दुबळा करून शरीरांत सोडावयाचा आणि शरीराला त्याच्याशीं झुंजण्याची तालीम द्यावयाची, हा त्याचा मार्ग. १८८१ सालीं पॅरिसनजीकच्या एका खेड्यांत त्यानें सुमारे पन्नास मेंढ्यांपैकीं निम्म्यांस काळपुळीची लस टोंचली, निम्म्यांस टोंचली नाहीं, आणि मग सर्वांच्या अंगांत त्या रोगाचे जिवंत जंतु घातले. न टोंचलेल्या मेंढ्या दोन दिवसांत मेल्या; टोंचलेल्या चरत राहिल्या. हा जो ‘निम्म्यांस टोंचलें, निम्म्यांस नाहीं’ असा जोडीचा हिशेब आहे, तो श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावा. पुढील सर्व हकीकत त्यावर उभी आहे.

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १८६० सालीं रशियन साम्राज्यांतील ओडेसा या बंदरांत एका ज्यू कुटुंबांत झाला. तेथील विद्यापीठांत सुप्रसिद्ध शास्त्रज्ञ मेच्निकॉफ यांच्या हाताखालीं त्यांनीं प्राणिशास्त्राचा अभ्यास केला. विद्यापीठांत पुढें जागा मिळावयाची तर ज्यू धर्म सोडून रशियाच्या राजधर्माची दीक्षा घ्यावी लागे. तें त्यांनीं साफ नाकारलें. १८८८ सालीं देश सोडून ते जिनीव्हास व दुसऱ्या वर्षीं पॅरिसच्या पाश्चर संस्थेंत गेले. तेथेंही प्रथम जागा मिळाली ती सहायक ग्रंथपालाची. दिवसा पुस्तकें लावावयाचीं आणि उरलेल्या वेळांत जंतूंचा अभ्यास करावयाचा, असा क्रम चालू असतां त्यांनीं पटकीची लस सिद्ध केली आणि १८ जुलै १८९२ रोजीं ती स्वतःच्या अंगांत टोंचून घेतली. पटकीचें माहेरघर म्हणजे बंगाल. १८९३ च्या मार्च महिन्यांत हाफकिन कलकत्त्यास उतरले आणि तेथील बस्त्यांतून, चहाच्या मळ्यांतून, लष्करी छावण्यांतून सहस्रावधि लोकांना टोंचीत हिंडले. मलेरियानें प्रकृति खंगली, तेव्हां कांहीं महिने युरोपांत काढून ते परत आले. इतक्यांत मुंबईस गांठीचा ताप आला.

ज्याला आमचे जुने लोक ग्रंथिक सन्निपात म्हणत, त्या प्लेगाचा जंतु १८९४ सालीं हाँगकाँग येथें येर्सिन या पाश्चरशिष्यानें शोधून काढला; आज तो त्याच्याच नांवानें ओळखला जातो. त्याच वेळीं तेथें किटासाटो हा जपानी शास्त्रज्ञही त्याच शोधांत गुंतलेला होता. दोन वर्षांनीं, सप्टेंबर १८९६ मध्यें, मुंबईच्या मांडवी भागांत डॉक्टर अकासियो व्हिएगस या मूळच्या गोमंतकीय वैद्यानें पहिले रोगी पाहून ‘हा प्लेग आहे’ असें बेधडक सांगितलें. मांडवी म्हणजे धान्याच्या वखारींचा भाग. उंदीर पडूं लागले आणि पाठोपाठ माणसें. शहर रिकामें होऊं लागलें. ७ ऑक्टोबरच्या सुमारास हाफकिन मुंबईस आले. ग्रँट मेडिकल कॉलेजांत त्यांना एक खोली व एक ओसरी मिळाली. हाताखालीं एक कारकून व तीन शिपाई. एवढ्या सामग्रीवर जगांतील पहिली प्लेगाची लस तयार व्हावयाची होती.

ती त्यांनीं कशी केली हें सांगण्यासारखें आहे. जंतु वाढवावयास मांसाचा रस्सा लागतो. युरोपांत त्याकरितां गोमांस वापरीत. येथें तें चालणें शक्य नव्हतें, आणि डुकराचेंही नाहीं. लस आज ना उद्यां हिंदुमुसलमानांच्या अंगांत जावयाची, हें ओळखून हाफकिन यांनीं बोकडाचें मांस आम्लानें पचवून त्याचा रस्सा केला. त्या रस्स्यावर तुपाचे किंवा खोबरेल तेलाचे थेंब तरंगत ठेवले. प्लेगाचे जंतु त्या थेंबांना धरून खालीं वाढतात. गुहेच्या छतापासून चुनखडीच्या लांबच लांब कांड्या लोंबाव्यात तशा त्यांच्या वेली चंबूंत लोंबूं लागतात. चंबु हालविला कीं त्या तुटून तळाशीं जातात आणि वर पुन्हां नव्या वाढूं लागतात. असे कांहीं आठवडे पीक घेतल्यावर तो रस्सा तासभर ठराविक मानानें तापवावयाचा, म्हणजे जंतु मरतात. आणि मग त्यांत अर्धा टक्का कारबॉलिक ॲसिड घालावयाचें, म्हणजे दुसरा कोणताही जंतु चुकून आंत शिरला तरी तो वाढूं शकत नाहीं. आमच्या देवघरांतील तूप आणि स्वयंपाकघरांतील खोबरेल यांचा असा उपयोग होईल, हें आमच्या आजीबाईंना सांगितलें असतें तर त्यांनीं कपाळाला हात लावला असता! या कारबॉलिकाची गोष्टही ध्यानांत असूं द्यावी; तिचें काम पुढें आहे.

तीन महिने दिवसरात्र काम करून, मदतनीस एकामागून एक थकून गेले असतां, १० जानेवारी १८९७ रोजीं हाफकिन यांनीं स्वतःस लस टोंचवून घेतली, आणि तीही पुढें लोकांना द्यावयाच्या मात्रेहून कितीतरी अधिक, म्हणजे १० घन सेंटिमीटर. सडकून ताप भरला, दंड दुखला, आणि एकदोन दिवसांत ते कामावर हजर झाले. जानेवारीच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगांत प्लेग शिरला. तेथील जवळजवळ निम्म्या कैद्यांनीं राजीखुषीनें टोंचून घेतलें. पुढें न टोंचलेल्यांपैकीं १२ जणांना प्लेग झाला, त्यांतील ६ दगावले. टोंचलेल्यांपैकीं २ जणांना झाला आणि ते दोघेही वांचले.

पण शास्त्राचा विजय म्हणजे लोकांचा विश्वास नव्हे. त्याच १८९७ च्या फेब्रुवारींत सांथीच्या रोगांचा कायदा झाला आणि पुण्यांत रँडसाहेबांच्या हुकमानें गोरे सोल्जर घरांत घुसूं लागले. देवघर, स्वयंपाकघर, बाळंतिणीची खोली, कशाचाही विधिनिषेध राहिला नाहीं. २२ जूनच्या रात्रीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर चाफेकरांनीं काय केलें तें मराठी माणसाला सांगावयास नको. अशा काळांत सरकारी डॉक्टर सुई घेऊन दारांत आला तर त्याच्याकडे कोणत्या दृष्टीनें पाहिलें जाणार? लसींत निषिद्ध मांस आहे, धर्म बुडविण्याचा हा नवा डाव आहे, टोंचल्यानें माणूस निकामी होतो, अशा नाना अफवा उठल्या. त्या अफवांना हंसणें सोपें आहे. मला तसें हंसूं येत नाहीं. ज्या हातानें काल देव्हाऱ्यांतले देव उलथून टाकले तोच हात आज औषध पुढें करीत असेल, तर तें औषध घ्यावयाला धीर लागतो. हाफकिन यांचा भर सक्तीवर नव्हता, राजीखुषीवर होता, आणि तो ज्यांनीं ओळखला त्यांनीं त्यांना साथ दिली. खोजा समाजाचे तरुण धर्मगुरु आगाखान यांनीं सर्वांसमक्ष स्वतःस टोंचून घेतलें आणि आपला बंगला प्रयोगशाळेसाठीं मोकळा करून दिला. त्यांच्या अनुयायांनीं हजारोंनीं टोंचून घेतलें.

लसीचा उपयोग किती, यावर डॉक्टरांतही वाद होता. तो मिटविण्याकरितां १८९८ च्या फेब्रुवारींत बडोद्याजवळील उंढेरा या गांवीं हाफकिन यांनीं जो प्रयोग केला, तो माझ्या मतें त्यांच्या सर्व प्रयोगांत निर्णायक होय. गांवांत प्लेग चालूच होता. एकेक कुटुंब समोर बसवून त्यांतील निम्म्या माणसांना टोंचलें, निम्म्यांना नाहीं. घर तेंच, अन्न तेंच, वय व प्रकृतिमान होईल तितकें सारखें. कांहीं आठवड्यांनीं अधिकाऱ्यांनीं घरोघर जाऊन मोजदाद केली. ज्या २८ कुटुंबांत रोग शिरला होता, त्यांतील टोंचलेलीं माणसें ७१. त्यांपैकीं ८ आजारी पडलीं व ३ मेलीं. न टोंचलेलीं माणसें ६४. त्यांपैकीं २७ आजारी पडलीं व २६ मेलीं. हे आंकडे वाचतांना मन दोन बाजूंनीं ओढलें जातें. यापेक्षां स्वच्छ पुरावा नाहीं, हें खरें. आणि एकाच ओसरीवर बसलेल्या दोन भावांपैकीं एकाला सुई लागली व दुसऱ्याला लागली नाहीं, हेंही खरें. आजच्या काळांत अशा प्रयोगाला परवानगी मिळणार नाहीं. त्या काळीं त्यावांचून लसीवर कोणी विश्वास ठेवला नसता.

१८९९ च्या ऑगस्टमध्यें प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसांत गेली. ज्या घरांत १८८२ सालीं खुद्द गव्हर्नरसाहेबांची पत्नी पटकीनें वारली होती, त्याच घरांत आतां जंतूंशीं सामना करणारे शास्त्रज्ञ बसूं लागले. लसीच्या पेट्या हिंदुस्थानांतील प्रांतोप्रांतीं व परदेशींही जाऊं लागल्या. इतका उत्कर्ष चालू असतां पंजाबांतून तार आली.

१९०२ सालीं पंजाब सरकारनें फार मोठ्या प्रमाणावर टोंचणीची मोहीम हातीं घेतली होती. मागणी पुरविण्याकरितां हाफकिन यांनीं लस करण्याच्या रीतींत एक फेरफार केला. कारबॉलिक ॲसिड गाळून केवळ उष्णतेनें लस निर्जंतुक करावयाची. पॅरिसच्या पाश्चर संस्थेंत ही रीति आधींपासून चालू होती व तिनें काम लवकर होई. ३० ऑक्टोबर १९०२ रोजीं गुजरात जिल्ह्यांतील मुलकोवाल या खेड्यांत १०७ लोकांना टोंचण्यांत आलें. हा गुजरात म्हणजे पंजाबांतील त्या नांवाचा जिल्हा, आपला शेजारी प्रांत नव्हे. तें गांव आज पाकिस्तानांत आहे. सुमारे आठवड्यानें त्यांतील कांहींचे जबडे बसूं लागले, पाठी धनुष्याप्रमाणें वांकूं लागल्या. तो धनुर्वात होता. एकूण १९ जणांना तो झाला आणि ते १९ ही मेले. त्या दिवशीं बाटल्या अनेक उघडल्या होत्या. पण हे १९ जण सर्वच्या सर्व एका बाटलीतून टोंचलेले होते. तिचा क्रमांक ‘५३ एन’.

आतां प्रश्न एवढाच होता कीं, धनुर्वाताचा जंतु बाटलींत कोठें शिरला? परळला भरतांना, कीं मुलकोवालला उघडतांना? मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशीमंडळ बसलें; त्यांत दोन लष्करी डॉक्टर होते. त्यांनीं निर्णय दिला कीं, बाटली उघडण्यापूर्वींच तींत दोष शिरलेला होता, आणि कारबॉलिक गाळल्यामुळें तो वाढला. अर्थात् दोष परळचा. आणि परळ म्हणजे हाफकिन. त्यांना कामावरून दूर करण्यांत आलें. १९०४ सालीं ते लंडनास गेले. ज्या मनुष्याला महाराणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवांत सरकारनें पदवी दिली होती, त्याच्याकडे सात वर्षांच्या आंत १९ माणसांचा घातक म्हणून बोट दाखविण्यांत आलें. तो रशियन होता, ज्यू होता, आणि मूळचा वैद्यही नव्हता, प्राणिशास्त्रज्ञ होता. या तीन गोष्टी निकालपत्रांत लिहिलेल्या नाहींत, तथापि त्यांचा कांहींच परिणाम झाला नसेल असें मानावयास मी तयार नाहीं. फ्रान्सांत ड्रायफस प्रकरण त्याच सुमारास गाजत होतें. लोकांनीं या प्रकरणाला ‘छोटें ड्रायफस प्रकरण’ असें नांव दिलें तें उगीच नव्हे.

चौकशीच्या कागदपत्रांत एक गोष्ट होती, तिच्याकडे मंडळानें पाहिजे तितकें लक्ष दिलें नाहीं. बाटलीचें बूच काढण्याकरितां जो चिमटा होता, तो मदतनिसाच्या हातांतून जमिनीवर पडला होता. त्यानें तो कारबॉलिकाच्या पाण्यांत जरा विसळला आणि त्याच चिमट्यानें ‘५३ एन’ चें बूच काढलें. नियमाप्रमाणें चिमटा ज्योतीवर धरून तापवावयाचा असे. धनुर्वाताचें बीज कोठें असतें? मातींत, शेणखतांत, गुरांच्या वाटेवर. आमच्या घरांत गंजका खिळा पायांत गेला कीं आई डॉक्टरकडे धांवत नेते, ती याच भीतीनें. आणि हें बीज असें चिवट कीं, सौम्य कारबॉलिकांत क्षणभर बुडविल्यानें तें मरत नाहीं. मुलकोवाल हें खेडें. पायांखालीं माती, भोंवतीं गुरें. याहून निराळें काय घडणार?

पण एवढ्यावरून निकाल देणें म्हणजे तर्काला तर्काचें उत्तर देणें झालें असतें. खरा पुरावा दुसराच आहे, आणि तो घरांतील कोणतीही गृहिणी समजूं शकेल असा आहे. रात्रीं दुधाला विरजण लावलें तर सकाळीं दहीं झालेलें दिसतें. सकाळीं दूध जसेंच्या तसें गोड असेल, तर विरजण रात्रीं लावलेंच नव्हतें. आत्तां कोणी लावलें असेल तर असेल. ‘५३ एन’ ही बाटली भरल्यापासून उघडेपर्यंत ४१ दिवस बंद होती. परळला धनुर्वाताचा जंतु तींत शिरला असता तर हवाबंद रस्स्यांत, हिंदुस्थानच्या उष्ण्यांत, कारबॉलिकाचा अडथळा नसतां तो ४१ दिवसांत बेसुमार माजला असता. धनुर्वाताचे जंतु माजले म्हणजे रस्स्याला असह्य दुर्गंधी येते. टोंचणाऱ्या डॉक्टरानें नियमाप्रमाणें बाटलीचा वास घेऊन पाहिला होता; दुर्गंधी नव्हती. शिवाय इतक्या दिवसांत त्यांत जें विष सांठलें असतें त्यानें माणसें फार लवकर पडलीं असतीं; तीं तर आठवडाभर चांगलीं हिंडतफिरत होतीं. अंगांत विष न जातां नुकतेंच बीज जातें, तेव्हां रोग उठावयास असा वेळ लागतो. आणि ज्या मोठ्या चंबूंतून ‘५३ एन’ भरली, त्याच चंबूंतून भरलेल्या दुसऱ्या बाटल्या अन्यत्र वापरल्या गेल्या व कोणालाही कांहीं झालें नाहीं. दूध एक, भांडीं पांच. एकाच भांड्यांत दहीं झालें, तर विरजण दुधांत होतें कीं भांड्यांत?

मंडळानें उरलेल्या लसीची तपासणी करविली होती व तींत धनुर्वाताचे जंतु सांपडले होते, हें खरें आहे. परंतु ती तपासणी बाटली उघडल्यावर पुष्कळ दिवसांनीं झाली. उघडतांना जें आंत पडलें तें तोंपर्यंत वाढणारच. त्यावरून आधींचें कांहींच सिद्ध होत नाहीं. न्यायाधीश कायद्यांत कितीही निष्णात असोत, जंतूची वाढ किती तासांत किती होते या प्रश्नाला कायद्याच्या पुस्तकांत उत्तर नाहीं.

हाफकिन यांच्या पक्षाचाही एक दोष सांगितला पाहिजे. कारबॉलिक गाळण्याचा फेरफार त्यांनीं ज्या शिताफीनें केला, तितक्या शिताफीनें तो वरिष्ठांना समजावून दिला नाहीं. खेड्यापाड्यांत, धुळींत, घाईच्या हातांनीं जी बाटली उघडली जाणार, तिला कारबॉलिकाचें कवच असणें बरें होतें. पॅरिसच्या प्रयोगशाळेंत जें पुरें पडतें तें मुलकोवालला पुरें पडेलच असें नाहीं. तें असतें तर कदाचित् चिमट्याची चूक झांकली गेली असती. परंतु चुकीचें कवच काढून घेणें आणि चूक करणें या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. मंडळानें त्यांची गल्लत केली.

या निकालाची किंमत एकट्या हाफकिन यांनीं दिली नाहीं. लसीवरचा विश्वास उडाला, पंजाबांतील मोहीम बसली, आणि १९०७ या एका सालांत त्या प्रांतांत प्लेगानें सहा लाखांवर माणसें नेलीं. लस मिळाली असती तर त्यांतील किती वांचलीं असतीं हें कोणीच सांगूं शकणार नाहीं; उंढेऱ्याचे आंकडे ज्याच्या लक्षांत आहेत त्यानें आपल्याशीं विचार करावा. दुसरी किंमत ज्यांनीं दिली त्या १९ जणांचा इतिहास तर कोणीच लिहिलेला नाहीं. तेही प्लेगाला भिऊन, सरकारच्या शब्दावर विश्वासून, आपल्या पायांनीं टोंचून घ्यावयास आले होते.

मलेरियाचा डासांशीं संबंध दाखविल्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळविणारे सर रोनाल्ड रॉस यांनीं हें प्रकरण हातीं घेतलें. चौकशीचे कागद प्रसिद्ध झाल्यावर त्यांनीं १९०७ च्या मार्चमध्यें ‘नेचर’ या शास्त्रीय साप्ताहिकांत लेख लिहून हा पुरावा मांडला. २९ जुलै १९०७ च्या लंडन ‘टाइम्स’ मध्यें दहा जंतुशास्त्रज्ञांच्या सह्यांचें पत्र आलें कीं, हाफकिन यांच्यावरील आरोप खोटा ठरला आहे. शेवटीं त्या वर्षाच्या नोव्हेंबरांत सरकारनें त्यांना दोषमुक्त केलें.

दोषमुक्त केलें, पण परळ परत दिलें नाहीं. तेथें दुसरे संचालक बसले होते. हाफकिन कलकत्त्यास आले. तेथें त्यांना प्रयोगशाळा मिळाली, परंतु माणसांवर लस टोंचून पाहण्याची मोकळीक मिळाली नाहीं. ज्याचें सर्व आयुष्य टोंचण्यांत गेलें त्याला ही शिक्षाच होती. पंचावन्नावें वर्ष होतांच त्यांनीं नोकरी सोडली व ते युरोपांत निघून गेले. परळला कारबॉलिक घातलेली जुनी लस पुन्हां सुरू झालीच होती. १८९७ पासून १९२५ पर्यंत मुंबईहून त्यांच्या लसीच्या सुमारे २ कोटि ६० लाख मात्रा बाहेर गेल्या. प्लेग उंदरांवरील पिसवांनीं पसरतो, हें सिमाँ या फ्रेंच डॉक्टरानें १८९८ सालीं कराचीस प्रथम सांगितलें होतें. त्याची खात्री पटविणारें काम पुढें परळलाच लिस्टन व त्यांचे सहकारी यांनीं केलें. आज प्लेगावर उत्तम औषधें आहेत, आणि धनुर्वाताची लस तर तान्ह्या मुलांनाही देतात. मृत जंतूंची ती जुनी लस गांठींच्या प्लेगापासून कांहीं महिनेच संरक्षण देई आणि फुप्फुसांच्या प्लेगावर तिचा भरंवसा नसे, हेंही आतां कळलें आहे.

हाफकिन यांनीं लग्न केलें नाहीं. शेवटचीं वर्षें त्यांनीं फ्रान्सांत व मग स्वित्झर्लंडांत एकट्यानें काढलीं, आणि २६ ऑक्टोबर १९३० रोजीं लोझान येथें ते वारले. ओडेसास ज्या धर्माकरितां त्यांनीं विद्यापीठाची जागा सोडली होती, त्याच धर्माच्या पूर्व युरोपांतील पाठशाळांना त्यांनीं आपली मिळकत ठेवली.